पंखा बंद ठेवायचा उन्हाळा

आमच्या शेजारच्या अक्कांच्या घरात छताला पंखा आहे. चांगला तीन पात्यांचा, थोरल्या मुलाने पहिल्या पगारात आणलेला. एप्रिल-मेच्या दुपारी तो बंद असतो. वीज गेलेली नसते, पंखाही बिघडलेला नसतो. अक्का बिड्या वळत बसलेल्या असतात, एवढंच.

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही राहायला आलो, त्या पहिल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले आणि सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं. अक्का दोन्ही हात पसरून सुपावर अशा झेपावल्या की मला वाटलं, बाईला भोवळ आली. "लावू नका हो टीचर! तमाखू उडतंय!" तोवर सुपातली तंबाखू त्यांच्या पदरावर, माझ्या पायांवर, कोपऱ्यातल्या कळशीवर. मला लागोपाठ चार शिंका आल्या. अक्का हसल्या, पुन्हा मांडी घालून बसल्या आणि दोऱ्याचं टोक दातात धरलं.

तंबाखू उडते हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं पानाचं. बिडीचं पान तेंदूचं, म्हणजे टेंभुर्णीचं. ते पाण्यात भिजवायचं, निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, तेव्हा कुठे मऊ पडतं. मग फर्मा ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. वारा लागला की पान करकरीत होतं आणि वळताना चिरतं. चिरलेली, सैल, आखूड बिडी कारखान्यात मोजणीच्या वेळी बाजूला काढतात. तिला छाट म्हणतात. छाट गेली की तेवढी मजुरी गेली.

म्हणून ४३ अंशांच्या दुपारी, पत्र्याखाली, दार अर्धं लोटून, पंखा बंद ठेवून अक्का आपली हजारी, म्हणजे हजार बिड्या, पुरी करत असतात. त्यांच्या खोलीत सगळ्यात गार जागा कुठली असेल तर ती गोणपाटातल्या पानांची.

(बिडी वाईट, हे मला कळतं. शाळेत मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ मीच देते. समोर बसलेल्या निम्म्या पोरांच्या वह्या-दप्तरांचा खर्च बिडीतूनच निघतो, हेही मला माहीत असतं. शपथ मी जरा भरभर उरकते.)

सोलापुरात बिडी वळणाऱ्या बाया काही थोड्याथोडक्या नाहीत, हजारोंनी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक घरीच वळतात. म्हणजे कामाची जागा आणि राहायची जागा एकच. उन्हाचा तडाखा वाढला की रस्त्यावर, शेतात, बांधकामावर राबणाऱ्यांची काळजी निदान तोंडी तरी होते: दुपारी बाहेर पडू नका, घरात थांबा. अक्का घरातच असतात हो.

"सोलापूरकरांना उन्हाची सवय असते." हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले. पुण्याची नणंद फोनवर म्हणते, बाहेरून बदलून आलेले साहेब म्हणतात आणि आम्हीही छाती फुगवून म्हणतो. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं, मी केंद्रावर ड्युटीला होते. त्या आठवड्यात पारा ४४ च्या आसपास. सकाळी साडेआठपर्यंत म्हातारीकोतारी येऊन गेली, मग बारा ते चार मैदानात कुत्रंही फिरकलं नाही. माझ्याबरोबरचे एक परगावचे सर ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसले होते. म्हणाले, "तुम्हा लोकांना काही वाटत नसेल ना?" मी म्हटलं, "नाही हो, सवय आहे." आणि तेव्हाच बाटलीतलं कोमट पाणी पिताना मला स्वतःच्या उत्तराचा राग आला.

कारण सवय म्हणजे तरी काय? माणसाचं शरीर घाम गाळून गार होतं आणि रात्री विसावा घेतं. या दोन गोष्टी त्याला मिळाल्या तर ते बरंच सोसतं. आमच्या लहानपणी दिवस असाच भाजायचा, पण मध्यरात्रीनंतर वाऱ्याची दिशा बदलायची आणि गच्चीवर झोपलेली आम्ही पोरं पहाटे पायाशी ढकललेली चादर परत ओढून घ्यायचो. ती चादर ओढण्याची वेळ आता येत नाही. माझं घर स्लॅबचं आहे. दिवसभर प्यालेलं ऊन तो स्लॅब रात्री माझ्या अंगावर ओततो. अक्कांचा पत्रा दिवसा छळतो, पण रात्री लवकर निवतो. माझं उलटं. पत्रा दिवसा मारतो, स्लॅब रात्री. कुणी काय निवडावं? आणि निवडायला मिळतं कुणाला? अक्कांची धाकटी बहीण कुंभारीला, विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. २००६ मध्ये तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरं उभी राहिली, पुढे त्याच कुंभारीत रे नगर वसलं आणि १९ जानेवारी २०२४ ला पंधरा हजार घरांच्या किल्ल्या वाटल्या गेल्या. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत बिड्या वळलेल्या बाईच्या हातात स्वतःच्या घराची किल्ली येणं ही गोष्ट लहान नाही. त्या दिवशी अक्का बहिणीसाठी रडल्या होत्या. पण मे महिन्यात ती बहीण रात्री दारात चटई टाकून झोपते. घरात झोप येत नाही म्हणते.

माझ्या आज्जीच्या घराला माळवद होतं. मोहोळ तालुक्यात, सीना नदीच्या काठचं गाव. माळवद न पाहिलेल्यांसाठी सांगते: दीड-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर किलचा, त्यावर काटक्या आणि निंबाचा पाला, वर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. दरवर्षी मृग निघायच्या आधी आज्जी आणि आत्या टोपल्यांनी पांढरी माती आणून माळवदावर पसरायच्या, चोपायच्या, पन्हाळाकडे उतार काढायच्या. त्या मातीचा गुण असा की पाणी पडलं की ती घट्ट बसते, आत झिरपू देत नाही. चैत्र-वैशाखात बाहेर डोळे उघडवत नसायचे आणि आत मधल्या घरात आज्जी शेणाने सारवलेल्या भुईवर गाल टेकवून निजायची. पंखा त्या घरात शेवटपर्यंत लागला नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, बघा, आपल्या वाडवडलांना किती शहाणपण होतं आणि आपण ते कसं घालवलं. थांबा जरा. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटेचे चार वाजायला आले होते. किल्लारीचा भूकंप आमच्या गावीही जाणवला. आमच्याकडे भिंतीला भेगा पडण्यावर भागलं. पण लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत झोपलेली हजारो माणसं आपल्याच घराच्या दगडमातीखाली गेली. जी जाडी उन्हाला अडवत होती, तिनेच माणसं गाडली. त्यानंतर आज्जी माळवदाखाली झोपेना. वर्षभर ती अंगणात बाजेवर झोपली, पावसात गोठ्यात. शेवटी तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले. भिंती तेवढ्या जुन्याच ठेवल्या.

तेव्हा पत्रा म्हणजे अडाणीपणा नव्हता. एका संकटाने शिकवलेला धडा होता तो. दुसरं संकट त्याच पत्र्यावरून चालत आलं, त्याला कोण काय करणार? मला हल्ली वाटतं, आमच्या भागातली माणसं एका भीतीतून सुटायला जे करतात, तेच पुढच्या भीतीचं दार होऊन बसतं. आणि त्या दाराशी दरवेळी घरातली बाई पहारा देत असते.

आमचं सोलापूरला येणंही असंच. ७२ च्या दुष्काळात आज्जी-आजोबा खडी फोडायला जायचे. आज्जी सांगायची, आडाला पाणी होतं, पण दाणा नव्हता. लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आणि सुकडी खाऊन दिवस काढले. मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही, तव्यावर थापतानाच तिला कडा सुटायच्या. मंगळवेढ्याच्या शाळूवर वाढलेल्या बाईला केवढं दुःख झालं असेल, ते तिच्या आवाजात कळायचं. त्या दुष्काळी कामांनी आमच्यासारखी लाखो घरं तगली. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना पक्की झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पण माझे वडील कायद्याची वाट बघत बसले नाहीत. पंधराव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन सोलापूरला आले आणि मागावर कामाला लागले. मागाच्या शेडमध्येही उन्हाळ्यात खिडक्या बंदच असायच्या. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून. म्हणजे सुताला ओल, पानाला ओल. माणसाचं काय ते माणसाने बघावं.

आता उलटं झालंय. रेशनवर धान्य मिळतं, भाकरीला कुणी मोताद नाही. पाणी नाही. वर्तमानपत्रात 'उजनी मायनसमध्ये' असा मथळा आला की आमच्या गल्लीत बॅरलचा भाव वाढतो. बाहेरच्यांना हे मायनस काय ते कळत नाही. उजनी धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त तळचं, मृतसाठ्याचं. त्याच्या वरचं संपलं की आकडा शून्याखाली जातो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ६० टक्क्यांपर्यंत गेला. पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ पुरतं उघडं पडलं आणि लोक गाड्या काढून बघायला गेले. आमच्या शाळेतल्या दोन मॅडमही जाऊन आल्या. फोटो सुंदर होते, नाकारत नाही. त्याच आठवड्यात आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी आलं, रात्री पावणेतीनला.

पाणी रात्री येणार म्हणजे बाई रात्री उठणार, हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्या गल्लीत त्याला अपवाद नाही. मी गजर लावते. अक्कांना गजर लागत नाही. नळात हवा फुसफुसली की त्या जाग्या होतात. पहिली भरायची ती पानं भिजवायची बादली. मग पिण्याचं, मग वापरायचं. कूलरचा नंबर शेवटी. कूलर तेवढा सोलापुरात घरोघर दिसतो, वाळ्याचा वास सुटलेला, गुरगुरणारा. पण चांगल्या उन्हाळ्यात तो दिवसाला तीन-चार बादल्या पाणी पितो. पाच दिवसांचं पाणी दोन बॅरलमध्ये मावणाऱ्या घराने ते त्याला कुठून पाजायचं? अक्कांच्या भावाने दिलेला कूलर दोन वर्षं झाली, त्यावर घड्या घातलेल्या गोधड्या ठेवायच्या कामी येतो.

या साऱ्यात ऊस कुठे आला, असं मी तात्यांना एकदा विचारलं. जरा भांडायच्या सुरातच विचारलं. सरासरी साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा, पर्जन्यछायेतला जिल्हा. रब्बीचा म्हणून ओळखला जाणारा, पोटऱ्यातल्या मालदांडी ज्वारीचा जिल्हा. आणि राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने इथे. धरणाचं पाणी कुठे मुरतं ते सांगायला कुणी तज्ज्ञ नको. तात्या चिडले नाहीत. "बाई, तुझं बरोबर हाय," म्हणाले, "पण माझं ऐक." आधी जोंधळा होता. हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस झाला की पेरायचा, काळ्या रानातली ओल आणि थंडीतलं दव एवढ्यावर तो येतो, वरून पाण्याची फार गरज नाही. पण त्याला भाव नाही, आणि काढायला माणूस मिळत नाही. मग सांगोल्याकडं बघून डाळिंब लावलं. ठिबकवर कमी पाण्यात बाग उभी राहिली, तीन वर्षं पैसा दिसला. कडक उन्हात फळं करपू नयेत म्हणून काकूने घरातल्या जुन्या साड्या बागेवर टाकल्या होत्या. लांबून वाटायचं, लग्नाचा मांडव. मग अवेळी पाऊस, ढगाळ हवा, तेल्या रोग. फळावर काळे डाग पडून ती तडकायची. सांगोल्यातल्या कितीतरी लोकांनी त्या वर्षांत खोडकिड्यापायी बागा उपटल्या, तात्यांनीही जेसीबी लावला. त्याआधी २०१४ ची गारपीट झालेलीच होती. "गार पडू दे, वारं सुटू दे, अवकाळी येऊ दे, ऊस तेवढा हुबा ऱ्हातो. मरत न्हाई. आता सांग मला."

मी काय सांगणार? तहानलेल्या जिल्ह्यात ऊस लावणं मला अजूनही चूकच वाटतं. पण आभाळाचा भरवसा गेलेला माणूस मरत नाही ते पीक धरून बसतो, हे त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आभाळाचं म्हणाल तर सोलापूरकरांनी ते सगळ्या बाजूंनी विचारून पाहिलंय. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, होमाच्या रात्री वासराची भाकणूक असते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यासमोर धान्य, गूळ, गाजर मांडतात. ते काय हुंगतं, कशाला तोंड लावतं, मुततं की बिथरतं, यावरून पाऊस-पाणी आणि भाव सांगतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी हे पाहिलंय. आता वासराने मूत्र विसर्जन केल्याची बातमी मोबाईलवर येते आणि तात्या तिचा फोटो ग्रुपवर टाकतात. त्याच सोलापूरच्या आकाशात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काही वर्षांपूर्वी कृत्रिम पावसाचा मोठा प्रयोग केला. विमानांनी ढगांत क्षारांची फवारणी केली, रडारवरून मोजमापं घेतली आणि निष्कर्ष निघाला की ठरावीक प्रकारच्या ढगांपासून त्या भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस मिळू शकतो. मात्र मुळात ढग हवेत. वासरू निदान ढगांची अट घालत नाही.

याच संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीचे मोठे प्रसंग तिपटीने वाढले. कारण समजायला सोपं आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. ते ती बरेच दिवस धरून ठेवते आणि मग एकदम सोडून देते. तात्या याला "आभाळ कंजूष झालंय आन् दारुडं बी" म्हणतात. महिनाभर पैसा दाबून ठेवायचा आणि एका रात्रीत उधळायचा.

तर आता चुन्याची गोष्ट. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेत फार माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उन्हाळ्याचा कृती आराखडा केला. गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देणं त्यांनी पुढे त्यातच घेतलं. मी हे वाचलं होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये मी अक्कांना म्हटलं, तुमच्या पत्र्याला चुना देऊ. अक्कांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती लागतंय?"

कळीचा चुना विरवायला पिंपभर पाणी लागलं. ते आम्ही नळाच्या दिवशीच भरून ठेवलं. माझा मुलगा आणि अक्कांचा नातू पहाटे पाचला पत्र्यावर चढले, कारण सातनंतर पत्र्यावर पाय ठेवता येत नाही. चुना फदफदला, पोरांचे हात उलले, एक डबा खाली अक्कांच्या तुळशीवर सांडला. पण दोन हात बसले. दुपारी अक्कांनी स्टुलावर चढून आतून पत्र्याला तळवा लावला आणि तसाच ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते सांगता यायचं नाही. "हात ठेवता येतंय," एवढंच म्हणाल्या. गल्लीतल्या चार बाया येऊन तळवा लावून गेल्या. शेवटची तर उगाचच दोनदा आली.

आणि मे महिन्यात पाऊस आला. वळीव नव्हे, पाऊस. उभ्या महाराष्ट्रात त्या मे महिन्यात जो काही कोसळला तो सगळ्यांच्या ध्यानात असेल. मृग निघायच्या आधीच ओढे वाहिले. आमचा चुना दोन रात्रींत पत्र्याच्या नाळींतून ओघळून गटारीत गेला. अक्कांच्या दारापुढे पांढरा ओहोळ. मी फार हिरमुसले. अक्का म्हणाल्या, "जाऊ द्या टीचर, गार तर झालंय की." तेही खरंच होतं. त्या मेमध्ये पंखा बंद असण्याचं कुणाला काही वाटलं नाही. पानं मात्र दमट हवेत बुरसली. ती परत कारखान्यात घेतली नाहीत.

सप्टेंबरात सीना आली.

ज्या सीनेच्या वाळूत आम्ही मुली उन्हाळ्यात झिरे उकरून वाटीने पाणी भरायचो, ती नदी. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, सगळीकडे ती गावांत शिरली. महामार्ग बंद पडले. रात्री अकराला तात्यांचा फोन आला, आवाज विचित्र शांत. "शाळेच्या गच्चीवर हावोत. जनावरं सोडली." मग फोन दोन दिवस लागला नाही.

भूकंपात तगलेल्या आज्जीच्या भिंती या पाण्यात गेल्या. मातीच होती ती, तीन दिवस पाण्यात उभी राहून विरघळली आणि पत्रे खाली बसले. ऊस आडवा झाला. मरत नाही म्हटलेलं पीक गाळात कुजलं. त्याहून वाईट जमिनीचं झालं. दोन एकर रानातली काळी माती पाण्याने खरडून नेली, खाली मुरूम लागला. जोंधळ्याला जी ओल धरून ठेवते ती हीच माती. ती तयार व्हायला किती काळ लागतो ते मी मुलांना भूगोलात शिकवते. तात्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

आमच्या गल्लीने त्या आठवड्यात कडक भाकरी केल्या. कडक भाकरीचं हे बरं असतं, एकदा भाजून वाळवली की पंधरा दिवस टिकते, ना चूल लागते ना पाणी. शेंगाची चटणी सोबत. दुष्काळाच्या मुलखाने शोधलेलं अन्न, पुरात गेलं. अक्कांनी तीन रात्री भाकरी थापल्या आणि त्या तीन दिवसांच्या बिड्या बुडाल्या.

तात्या दहा दिवस आमच्याकडे राहिले. दुपारी अक्कांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे. अक्का तेलुगू वळणाचं मराठी बोलणार, तात्या मोहोळकडचं. दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. एकदा तात्या म्हणाले, "अक्का, तुमचा पंखा का बंद?" अक्कांनी सांगितलं. तात्या बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माळवद करा म्हणलं आसतं. पर आता कुणाला सांगायचं त्वांड न्हाई ऱ्हायलं." थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "पत्र्याखाली तुरकाट्या बांधून वरनं चिखल थापला तर?" आणि दोघं मिळून त्याचा हिशेब करायला बसले. किती तुरकाट्या, किती माती, पत्र्याला भार सोसेल का, घरमालक काय म्हणेल. घरमालकाशी येऊन बेत थांबला.

यंदा होळी झाली तसं मी पुन्हा चुन्याचं काढलं. कुणीतरी सांगितलं होतं की चुन्यात फेविकॉल मिसळला तर तो पावसाने धुपत नाही, दोन उन्हाळे टिकतो. अक्कांचा पत्रा दहा बाय बारा, मोठा डबा लागेल. मी दुकानात विचारून आलेला भाव सांगितला आणि निम्मे मी देते म्हटलं. अक्कांनी मान हलवली. निम्म्यालाही, पुऱ्यालाही. सूप बाजूला ठेवून त्या बोटांची पेरं मोजायला लागल्या, ओठ हलवत, तेलुगूत.

"किती हजारी होतात?" मी विचारलं.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "छाट धरून सांगायलेय."